कर्ण मोठा की अर्जुन? त्याआधी डूख समजून घेऊ

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत यंदा गणपतीत मुलांनी कर्णार्जुन युद्धाचं छोटं नाटक बसवायचं ठरवलं. थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरापासून मुकुटापर्यंत सगळं पुठ्ठ्याचं असतं, त्यामुळे पार्किंगमध्ये चटई टाकून सात-आठ पोरं रथाचं चाक कापत बसली होती. चाक जमिनीत रुतलेलं दाखवायचं कसं, यावरून सुरू झालेली चर्चा पाच मिनिटांत नेहमीच्या जागी आली. "कर्णाला चीट केलं, नाहीतर अर्जुन गेलाच होता." "काही नाही, विराटाच्या वेळी हरलाच होता तुझा कर्ण." दोन तट पडले आणि मी भाजीची पिशवी घेऊन नेमका तिथून जात होतो. "काका, तुम्ही सांगा. स्ट्राँग कोण?"

त्याचं उत्तर द्यायला तीन संध्याकाळी गेल्या. पोरांना सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितोय.

'स्ट्राँग कोण' हे मोजायला महाभारताकडे स्वतःची पट्टी आहे. आज आपण बातम्यांत पुढाऱ्यांनाही 'रथी-महारथी' म्हणतो, पण हे शब्द मुळात योद्ध्यांच्या प्रतीचे. युद्धाच्या आधी दुर्योधन भीष्मांना विचारतो की आपल्याकडे आणि त्यांच्याकडे कोण कुठल्या तोडीचा आहे, आणि भीष्म दोन्ही सैन्यांची यादीच सांगतात. कोण रथी, कोण अतिरथी, कोण महारथी. भीम तर एकटा आठ रथींच्या बरोबरीचा. अर्जुनाला जोड नाही, असं ते स्वच्छ सांगतात. कर्णाला मात्र म्हणतात 'अर्धरथी'. कवचकुंडलं गेली, परशुरामांचा शाप आहे, हा पुरता रथीसुद्धा नव्हे. द्रोण मान डोलावतात. कर्ण इतका संतापतो की भीष्म पडेपर्यंत शस्त्र हाती धरणार नाही, अशी शपथ घेतो. म्हणजे अठरा दिवसांच्या युद्धात पहिले दहा दिवस कर्ण रणांगणावर नव्हताच! नाटकवाल्या पोरांना हे ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांपैकीही अनेकांना नसतं.

समोरासमोरचे सामने मोजायचे तर तेही मोजता येतात. हस्तिनापुरातल्या रंगभूमीवर दोघं उभे राहिले, पण कृपाचार्यांनी कर्णाला कुळ विचारलं, पुढे सूर्य मावळला आणि लढत झालीच नाही. द्रौपदीच्या स्वयंवरानंतर ब्राह्मणवेशातल्या अर्जुनाशी कर्ण लढला आणि मागे सरला. विराटाच्या गाई पळवायला कौरव गेले तेव्हा अर्जुनानं एकट्यानं सगळ्यांना हरवलं, त्यांत कर्णही होता. मग युद्धातल्या काही चकमकी सोडल्या तर थेट सतरावा दिवस. कागदावर पाहिलं तर पारडं अर्जुनाकडे झुकतं. कर्णाच्या बाजूची पोरं म्हणतात की कवचकुंडलं इंद्रानं मागून नेली आणि त्या बदल्यात मिळालेली शक्ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली, त्याचं काय? तेही खरंच आहे. हा वाद असा अनंत चतुर्दशीपर्यंत चालू शकतो.

मला मात्र दुसरीच गोष्ट खुपत होती. युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले होते. ते भीष्मपर्वाच्या अगदी सुरुवातीला आहेत. रथीनं रथीशी लढावं, हत्तीवरच्यानं हत्तीवरच्याशी, पायदळानं पायदळाशी. दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार करायचा नाही. शस्त्र गळालेल्यावर, कवच नसलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर करायचा नाही. सारथी, ओझी वाहणारे, शंख-नगारे वाजवणारे यांना हात लावायचा नाही. आणि माझं आवडतं कलम असं की दिवसाचं युद्ध थांबलं की पुन्हा एकमेकांशी प्रेमानं वागायचं.

आता कोण कसा पडला ते बघा. भीष्म पडले ते समोर शिखंडी होता आणि त्याच्यावर ते बाण टाकणार नव्हते म्हणून. अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारलं. द्रोणांनी मुलगा गेल्याचं ऐकून शस्त्र खाली ठेवलं, तेव्हा त्यांचं डोकं उडवलं. कर्ण चाक काढायला खाली उतरला होता. दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसली. पांडवांची पाच पोरं आणि धृष्टद्युम्न रात्री झोपेत मारले गेले. ज्यांची नावं आपण शौर्यासाठी घेतो, त्यांतला क्वचितच कुणी बरोबरीच्या लढतीत हरून मेला आहे. मग 'कोण जास्त बलवान' या प्रश्नाचा निकाल रणांगणावर लागणार तरी कसा?

हे लढवय्ये बळ जोखायला लढतच नव्हते. ते जुने हिशेब चुकते करत होते. आणि यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे, डूख. आपल्याकडे साप डूख धरतो म्हणतात. वर्षं गेली तरी विसरत नाही. महाभारतातलं वैर हे असं डूख धरलेलं वैर आहे. ज्यानं धरलं तो मेला तरी ते राहतं, मुलाकडे जातं, नातवाकडे जातं.

म्हणून कर्णार्जुनांना जरा बाजूला ठेवून मी पोरांना भूरिश्रव्याची गोष्ट सांगितली. नाव ऐकून सगळे हसले. पण वैर कसं चालतं हे समजायला महाभारतात याच्याइतकी चांगली गोष्ट नाही.

कृष्णाचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. कृष्णाची आई देवकी, तिचं स्वयंवर होतं. यादवांमधला शिनी नावाचा वीर तिथे गेला आणि वसुदेवासाठी त्यानं देवकीला रथात घालून नेलं. कुरुकुळातला सोमदत्त तिथे हजर होता. हा शंतनूच्या भावाचा, बाह्लीकाचा मुलगा. त्याला ते सहन झालं नाही. दोघांची बराच वेळ झुंज झाली. शिनीनं सोमदत्ताला खाली पाडलं, केस धरून तलवार उगारली आणि हजारो राजे बघत असताना त्याला लाथ घातली. मग दया येऊन, "जा, जग," म्हणून सोडून दिलं.

सोडून दिलं, हेच घातक ठरलं. मारला असता तर गोष्ट तिथे संपली असती. सोमदत्तानं घरी जाऊन महादेवाची आराधना केली आणि वर काय मागितला? राज्य नाही, दीर्घायुष्य नाही. मला असा मुलगा दे जो शिनीच्या वंशजाला हजारो राजांच्या मध्ये खाली पाडेल आणि लाथ मारेल. बस, तेवढंच. जशीच्या तशी परतफेड, प्रेक्षकांसकट. तो मुलगा भूरिश्रवा. आणि शिनीचा नातू सात्यकी, अर्जुनाचा शिष्य आणि कृष्णाचा जवळचा माणूस.

म्हणजे या दोघांचं वैर त्यांनी सुरू केलंच नव्हतं. एक तर जन्मालाच त्यासाठी आला होता. युद्धाच्या पाचव्या दिवशी भूरिश्रव्यानं सात्यकीचे दहा मुलगे मारले, तेव्हा आजोबांच्या खात्यात नातवाची स्वतःची रक्कमही जमा झाली. चौदाव्या दिवशी अर्जुन जयद्रथाच्या मागे गेला होता. युधिष्ठिरानं काळजीनं सात्यकीला त्याच्या मदतीला धाडलं. सगळं कौरव सैन्य फोडून सात्यकी तिथवर पोचला तेव्हा तो पार थकला होता, आणि समोर भूरिश्रवा ठाकला. रथ गेले, धनुष्यं गेली, तलवारी आल्या, मग नुसती कुस्ती. भूरिश्रव्यानं त्याला पाडलं, केस धरले, छातीवर लाथ मारली. वर फळाला आला होता. इथेच तो थांबला असता तर? पण त्यानं तलवार उचलली.

कृष्ण अर्जुनाला म्हणाला, तुझा शिष्य मरतोय. अर्जुनानं दुरून बाण सोडला आणि भूरिश्रव्याचा तलवार धरलेला उजवा हात तुटून पडला.

भूरिश्रवा अर्जुनाला काय म्हणाला ते मूळातून वाचावं. तो रडत नाही. तो विचारतो की मी दुसऱ्याशी लढत होतो, तू मध्ये कुठून आलास, हे तुला कुणी शिकवलं? नियमातलं कलमच तो दाखवतो. अर्जुन उत्तरात अभिमन्यूचं नाव घेतो. मग भूरिश्रव्यानं उरलेल्या डाव्या हातानं जमिनीवर बाण अंथरले आणि प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायला तो ध्यानात बसला. दोन्ही सैन्यं थांबली. आणि शुद्धीवर आलेल्या सात्यकीनं उठून, कृष्ण, अर्जुन, भीम सगळे "नको, नको" ओरडत असताना, ध्यानात बसलेल्या त्या माणसाचं डोकं उडवलं.

इथे नववीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आता फिटलं."

नाही फिटलं. युद्ध संपलं तेव्हा पांडवांकडचे सात आणि कौरवांकडचे तीन मोठे योद्धे उरल्याचं महाभारत सांगतं. अकरा आणि सात मिळून अठरा अक्षौहिणी सैन्य होतं. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, म्हणजे गुणाकार करायची हिंमत होत नाही. त्यातून उरलेल्या मूठभरांत सात्यकी होता, आणि पलीकडच्या तिघांत कृतवर्मा होता. तोही यादवच, पण कौरवांकडून लढलेला. झोपलेल्या पांचालांच्या कत्तलीच्या रात्री अश्वत्थाम्याबरोबर छावणीच्या दारात उभा राहिलेला.

युद्धानंतर छत्तीसाव्या वर्षी यादव प्रभासक्षेत्री, म्हणजे आजच्या सोमनाथाजवळ, जमले. दारू झाली. सात्यकीनं कृतवर्म्याला टोमणा मारला की झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय! कृतवर्म्यानं डाव्या हातानं सात्यकीकडे बोट दाखवून विचारलं, आणि हात तुटलेल्या, प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याला मारणारा तू कोण? सात्यकी उठला आणि त्यानं कृतवर्म्याचं डोकं उडवलं. मग यादवांतलेच भोज आणि अंधक सात्यकीवर धावले, कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न त्याला वाचवायला गेला, दोघेही मेले, आणि संध्याकाळपर्यंत यादवांनी एकमेकांना संपवलं. गांधारीचा शाप होता, ऋषींचा शापही होता, हे खरं. पण ठिणगी पडली ती भूरिश्रव्याच्या नावानं. देवकीच्या स्वयंवरात बसलेली एक लाथ, आणि तिचा शेवट देवकीच्याच मुलाचं कुळ बुडण्यात. कुरूंच्या भाऊबंदकीपेक्षा मला ही साखळी जास्त भीतिदायक वाटते, कारण यात राज्याचा, जमिनीचा प्रश्नच नाही. फक्त मान.

हे सांगताना मला आमच्याच इमारतीतला दुसरा मजला आठवत होता. समोरासमोरच्या दोन घरांचं वीस-बावीस वर्षं बोलणं नाही. भांडण वडिलांच्या काळातलं, बाथरूमच्या गळतीवरून. वडील दोघेही गेले, पाइपही बदलून झाला. पण रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये एकानं हो म्हटलं की दुसरा नाही म्हणतो. पोरांसमोर अर्थात हे बोललो नाही. त्या दोन्ही घरांतला एकेक मुलगा चटईवर शेजारी शेजारी बसून चाकाला आरे चिकटवत होता.

द्रोण आणि द्रुपद यांची गोष्ट याच चालीची, फक्त जास्त ओळखीची. बालपणीचे मित्र, एक राजा झाला आणि दुसऱ्याच्या मुलाला दूध मिळेना. द्रोण मदत मागायला गेले तर द्रुपद म्हणाला, मैत्री बरोबरीच्यांत असते. द्रोणांनी शिष्यांकडून गुरुदक्षिणेत द्रुपदाला पकडून आणवलं, अहिच्छत्रासह उत्तर पांचाल स्वतःकडे ठेवला, कांपिल्यासह दक्षिणेचा त्याला परत दिला आणि म्हणाले, आता आपण बरोबरीचे झालो. द्रुपदानं यज्ञ केला आणि द्रोणांना मारणारा मुलगा मागून घेतला, धृष्टद्युम्न. गंमत अशी की त्याला शस्त्रविद्या द्रोणांनीच शिकवली! आपल्याला मारायला जन्मलेल्या मुलाला ते नाही म्हणाले नाहीत. त्यानं पंधराव्या दिवशी त्यांना मारलं, आणि अठराव्या दिवसाच्या रात्री अश्वत्थाम्यानं त्याला लाथांनी तुडवून मारलं. "निदान शस्त्रानं तरी मार," अशी विनवणी करूनही. पुन्हा लाथच.

वैराची सुरुवात शोधताना आपण चुका करतो, तेही इथे सांगायला हवं, कारण आपल्या डोक्यातलं महाभारत आणि पोथीतलं महाभारत पुष्कळदा वेगळं असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं १,२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. वि. सी. सुकथनकर हे या कामाचे प्रमुख संपादक होते. एकच प्रसंग वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्यांत कसा येतो, कुठला श्लोक सगळीकडे आहे आणि कुठला मागाहून शिरलाय, हे ओळीओळीला पाहिलं गेलं. त्यात स्वयंवरात "मी सूताला वरणार नाही" असं द्रौपदी म्हणते ती ओळ मूळ संहितेत राहिली नाही. ती मोजक्या पोथ्यांतच सापडते. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे तिच्या तोंडचं वाक्यही नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीही बायकांबरोबर हसली, हे नंतर घरी जाऊन दुर्योधन बापाला सांगतो. युद्ध एका बाईच्या जिभेमुळे झालं, असं म्हणायची आपल्याला फार घाई असते.

आता कर्णार्जुन. भूरिश्रव्यानंतर सतराव्या दिवसाकडे पाहिलं की तिथे दोघंच लढताना दिसत नाहीत. वर आकाशात सूर्य आणि इंद्र आपापल्या मुलासाठी भांडतायत. कर्णाच्या भात्यात अश्वसेन नावाचा नाग लपून बसलाय. हा तक्षकाचा मुलगा. अर्जुनानं खांडववन जाळलं तेव्हा याची आई मेली, हा निसटला, आणि तेव्हापासून त्यानं अर्जुनावर डूख धरला. तो कर्णाच्या बाणावर येऊन बसतो, कृष्ण रथ जमिनीत दाबतो आणि अर्जुनाच्या गळ्याऐवजी मुकुट जातो. अश्वसेन परत येऊन म्हणतो, मला पुन्हा सोड. कर्ण नकार देतो. दुसऱ्याच्या बळावर मला जिंकायचं नाही. माझ्या मते कर्णाचा मोठेपणा शोधायचा तर तो इथे आहे. त्या दिवशी रणांगणावर दुसऱ्याचं वैर वाहायला नकार देणारा हा एकच माणूस दिसतो.

थोड्याच वेळात चाक रुततं, कर्ण धर्माची आठवण करून देतो, आणि कृष्ण त्याला द्यूतसभेपासून अभिमन्यूपर्यंतची एकेक बाकी वाचून दाखवतो. मोरोपंतांमुळे ते मराठीत म्हणच होऊन बसलंय: तेव्हा कुठे गेला होता राधासुता तुझा धर्म? आपण ही ओळ वाद जिंकायला वापरतो. मूळात ती देणं वसूल करायला आलेल्याची भाषा आहे.

रामायणात असं नाही का? तिथेही इंद्राचा मुलगा वाली आणि सूर्याचा मुलगा सुग्रीव झुंजतात, आणि रामाचा बाण वालीला लागतो तो तो दुसऱ्याशी लढत असतानाच. वालीही भूरिश्रव्यासारखाच जाब विचारतो. फरक एवढाच की तिथे सूर्याचा मुलगा वाचला आणि इथे इंद्राचा. पण रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो, "मरणान्तानि वैराणि". वैर मरणापाशी संपलं, आता याचे अंत्यसंस्कार कर, तो जसा तुझा तसाच माझाही. महाभारतात हे वाक्य कुणाला जमत नाही. युद्धाआधी युधिष्ठिर कृष्णाला एवढं म्हणतो की वैरानं वैर शमत नाही, तूप टाकल्यावर अग्नी भडकतो तसं वाढतं. त्याला कळत होतं. तरी युद्ध झालं.

आणि तक्षकाचं काय? त्याचं खांडववन गेलं, बायको गेली. अर्जुनाचा नातू परीक्षित, त्याला तक्षकानं दंश करून मारलं. निमित्त एका ऋषिपुत्राच्या शापाचं. परीक्षिताचा मुलगा जनमेजय, त्यानं जगातले सगळे साप जाळायला सर्पसत्र मांडलं. मंत्र म्हटला की साप ओढले जाऊन आगीत पडायचे. या यज्ञात मधल्या वेळात वैशंपायनांनी जनमेजयाला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट म्हणजे महाभारत. एवढं मोठं वैराचं पुराण सांगितलं गेलं ते पेटलेल्या यज्ञकुंडाशेजारी, बापाच्या वैराचा सूड घेत बसलेल्या राजाला.

सत्र थांबवलं आस्तिकानं. त्याचा बाप ब्राह्मण आणि आई नागकन्या, वासुकीची बहीण. मारणारेही त्याचे आणि मरणारेही त्याचे. तक्षक इंद्राच्या आश्रयाला गेला होता, तिथूनही मंत्रानं खेचला जात होता आणि आगीच्या वर आला होता. आस्तिक म्हणाला, थांब, थांब, थांब. आणि तक्षक आकाशात अधांतरी थांबला.

चाक तोवर चिकटवून झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांपैकी धाकट्यानं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काका, मग तो खाली कधी आला?"